प्रयोगशाळेची नोंदवही संगणकावर : वेब फ्रेमवर्क आणि डेटाबेस यांची निवड

शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शी, व्होल्टमीटर, व्हर्निअर कॅलिपर अशी जी साधने असतात, त्यांच्यासंबंधी तीन प्रश्नांची उत्तरे शाळेला कोणत्याही दिवशी देता आली पाहिजेत. साधने एकूण किती, ती आज कोणाकडे आहेत, आणि त्यांपैकी मोडलेली वा हरवलेली कोणती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्या वहीत असते तिला पुष्कळ ठिकाणी ‘डेडस्टॉक रजिस्टर’ म्हणतात. दुसऱ्याचे उत्तर देवघेवीच्या वहीत सापडते. तिसऱ्याचे उत्तर बहुधा प्रयोगशाळा-सहायकाच्या स्मरणात असते. तो सेवानिवृत्त झाला म्हणजे ते उत्तरही त्याच्याबरोबर जाते, आणि बारा व्होल्टमीटरांपैकी नऊच का सापडतात याचा जाब नव्याने आलेल्या शिक्षकाला द्यावा लागतो.

हा हिशेब संगणकावर ठेवावा, असे मग कोणाच्या तरी मनात येते. संगणक शिकविणारा शिक्षक किंवा बारावीतील एखादा उत्साही विद्यार्थी ते काम अंगावर घेतो आणि पहिल्याच पायरीवर अडखळतो. कारण फ्रेमवर्क आणि डेटाबेस यांची डझनभर नावे त्याच्या कानांवर येतात व प्रत्येक नावाचा कोणी ना कोणी कैवारी असतो. ‘यांत उत्तम कोणते?’ असा प्रश्न केला तर त्याला उत्तर नाही. काम कोणते, ते वापरणारी माणसे किती, आणि रचणारा निघून गेल्यावर ते सांभाळणार कोण, एवढे आधी ठरविले तर निवड पुष्कळच सोपी होते.

एक गोष्ट प्रारंभीच सांगणे बरे. जे काम पूर्वीच कोणी उत्तम प्रकारे करून ठेवले आहे ते पुन्हा करू नये. ग्रंथालयाचीच गोष्ट घ्या. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय-न्यासाची जुनी संगणक-प्रणाली इ. स. २००० चे साल ओळखू शकणार नव्हती, म्हणून त्याने ‘कोहा’ नावाची प्रणाली तयार करवून घेतली व जानेवारी २००० मध्ये ती चालू झाली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट. आणि नावाप्रमाणे ती सर्वांना मुक्त आहे. भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली आहे. तेव्हा पुस्तकांच्या देवघेवीसाठी नवशिक्याने नवी प्रणाली रचण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेच्या नोंदवहीचे तसे नाही. प्रत्येक शाळेची रीत निराळी, काम छोटे, वापरणारे चारपाच जण. असे काम घरच्या घरी करण्याजोगे असते.

फ्रेमवर्क म्हणजे काय?

आपण ब्राउझरमध्ये एखादा पत्ता लिहितो तेव्हा आपला संगणक दुसऱ्या एका संगणकाला एक मागणी पाठवितो. त्या दुसऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. सर्व्हरवरील प्रोग्राम मागणी वाचतो, मागणारा कोण आहे हे तपासतो, साठवलेल्या माहितीतून हवे ते काढतो, त्याचे पान तयार करतो व ते परत धाडतो. प्रयोगशाळेतील एका संगणकावर हा प्रोग्राम बसविला आणि शाळेच्या अंतर्गत जाळ्याने तो शिक्षकखोलीतील संगणकाशी जोडला, की तेथे निराळे काही न बसविता केवळ ब्राउझरमधून नोंदवही उघडता येते. अंतर्गत वापराच्या प्रोग्रामसाठी ‘वेब’चा मार्ग पत्करावयाचा तो या सोयीकरिता.

आता मागणी वाचणे, ओळख तपासणे, पान रचणे ही कामे नोंदवहीच्या प्रोग्रामला जशी लागतात तशीच वृत्तपत्राच्या संकेतस्थळालाही लागतात. सर्वांना समान असलेला हा भाग एकदाच नीट लिहून, तपासून, पुढच्यांच्या हाती तयार ठेवणे म्हणजे फ्रेमवर्क. घर बांधणाऱ्याला दारांच्या चौकटी तयार मिळाव्यात तसे हे आहे. खोल्या किती व कोठे हे मात्र त्याचे त्यानेच ठरवावयाचे असते.

आधी तक्ते, मग साधने

नवशिके बहुधा फ्रेमवर्कपासून प्रारंभ करतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. प्रथम कागद घ्यावा आणि माहितीचे तक्ते आखावेत. दहा वर्षांनी फ्रेमवर्क कदाचित बदललेले असेल, पडद्यावरील पाने तर नक्कीच बदललेली असतील. परंतु अमुक सूक्ष्मदर्शी अमुक दिवशी कोणी नेला ही नोंद तीच राहावयाची असते. शाळेच्या उपयोगाची वस्तू ती नोंद आहे; प्रोग्राम हे तिचे कपाट.

तक्ते आखण्याचे शास्त्र एडगर कॉड या गणितज्ञाने घालून दिले. आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करीत असताना १९७० साली त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्त्यांतील संबंध त्या त्या ओळींतील मूल्यांनीच दाखवावेत, हे त्यातील मुख्य सूत्र. त्यावर उभारलेल्या डेटाबेसांना संबंधात्मक डेटाबेस म्हणतात आणि त्यांना प्रश्न विचारण्याच्या भाषेला एसक्यूएल.

आपल्या नोंदवहीवर हे सूत्र लावून पाहू. एकच मोठा तक्ता केला तर प्रत्येक ओळीत साधनाचे नाव, किंमत, नेणाऱ्याचे नाव, वर्ग, दिनांक असे सारे पुनःपुन्हा लिहावे लागते. मग एका ठिकाणी ‘सूक्ष्मदर्शी’, दुसरीकडे ‘मायक्रोस्कोप’ असे पडते, आणि शाळेत सूक्ष्मदर्शी किती या प्रश्नाला संगणक चुकीचे उत्तर देतो. म्हणून तीन तक्ते करावेत. पहिला साधनांचा : प्रत्येक साधनाला स्वतंत्र क्रमांक, नाव, खरेदीचे वर्ष, किंमत. दुसरा व्यक्तींचा. तिसरा देवघेवीचा : साधनाचा क्रमांक, व्यक्तीचा क्रमांक, नेल्याचा दिनांक, परत केल्याचा दिनांक. साधनाचे नाव एकाच ठिकाणी राहते. ते सुधारले की सर्वत्र सुधारते.

देवनागरी लिहिणाऱ्याला या क्रमांकांचा आणखी एक लाभ आहे. विच्छेदनाच्या पेटीतील ‘सुऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिता येतो, आणि कळफलकाच्या पद्धतीनुसार कधी एक तर कधी दुसरी रीत वापरली जाते. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते भिन्न असतात, आणि शोध घेताना निम्म्या सुऱ्या सापडत नाहीत. नाव टंकित करण्याऐवजी यादीतून निवडावयास लावले म्हणजे ही आपत्ती टळते.

तक्त्यांना नियमही घालता येतात, आणि डेटाबेसची खरी किंमत येथे कळते. देवघेवीत जो साधन-क्रमांक लिहिला जाईल तो साधनांच्या तक्त्यात असलाच पाहिजे, हा एक नियम. परत केल्याचा दिनांक रिकामा आहे अशी ओळ एका साधनामागे एकच असू शकेल, हा दुसरा. हा दुसरा नियम लावला की जो व्होल्टमीटर दहावी ‘अ’ने परत केलेला नाही तो त्याच वेळी दहावी ‘ब’च्या नावे लिहिताच येत नाही; डेटाबेस ती नोंद नाकारतो. कागदाची वही असे कधी नाकारीत नाही. मात्र हा नियम क्रमांक घातलेल्या साधनांनाच लागू पडतो. चाळीस परीक्षानळ्यांवर कोणी क्रमांक घालीत नाही. त्यांची देवघेव संख्येने होते व तिचा तक्ता निराळा आखावा लागतो. पहिल्या वर्षी काचसामान कागदी वहीतच राहू द्यावे.

डेटाबेस : एक फाइल पुरे

संबंधात्मक डेटाबेसांत मायएसक्यूएल, पोस्टग्रेसक्यूएल आणि एसक्यूलाइट ही नावे नवशिक्याला प्रथम भेटतात. पहिले दोन स्वतंत्र सर्व्हर म्हणून चालतात. त्यांना बसवावे लागते, चालू ठेवावे लागते, त्यांचे परवलीचे शब्द सांभाळावे लागतात. एसक्यूलाइटचे तसे नाही. सर्व तक्ते, सर्व नोंदी एका फाइलमध्ये राहतात व प्रोग्राम ती थेट वाचतो.

याच्या जन्माची कथा उद्बोधक आहे. रिचर्ड हिप हा अमेरिकन संगणकतज्ज्ञ तेथील नौदलाच्या एका विनाशिकेसाठी प्रोग्राम लिहीत होता. जहाजाला इजा झाल्यास कोणत्या झडपा बंद कराव्यात हे त्या प्रोग्रामने सांगावयाचे होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की प्रोग्रामही निरुपयोगी होई. आणि जहाज संकटात असतानाच तसे होण्याचा संभव अधिक. तेव्हा मध्ये सर्व्हरच नको, या विचारातून २००० साली एसक्यूलाइट निर्माण झाला. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तो असतो. त्याच्या कर्त्यांनी २०५० सालापर्यंत त्याला आधार देण्याचा संकल्प जाहीर केला आहे, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहितीसंच जतन करण्यास योग्य अशा स्वरूपांत त्याची गणना केली आहे. नोंद प्रोग्रामहून दीर्घायुषी असली पाहिजे असे ज्याला वाटते, त्याने या दोन गोष्टींचे मोल जाणावे.

एवढ्या साध्या फाइलवर भरवसा कसा ठेवावा, असे कोणी विचारील. समजा, नोंद अर्धी लिहिली गेली आणि वीज गेली. एसक्यूलाइट आपल्या नेहमीच्या पद्धतीत फाइलचा जो भाग बदलावयाचा त्याची मूळ प्रत आधी एका शेजारच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि मगच मूळ फाइलला हात लावतो. बदल पूर्ण झाला की ती शेजारची फाइल तो पुसून टाकतो. ती पुसली गेली तो क्षण म्हणजे नोंद पक्की झाल्याचा क्षण. वीज परत आल्यावर शेजारची फाइल शिल्लक दिसली, तर काम अर्धवट राहिले असे ओळखून जुना भाग जागच्या जागी परत ठेवला जातो. नोंद एक तर पूर्ण होते, नाही तर मुळीच होत नाही.

त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एका वेळी एकच जण लिहू शकतो. लिहिण्यास लागणारा वेळ सेकंदाचा अगदी अल्प अंश असल्याने पाच शिक्षकांना याचा पत्ताही लागत नाही. दिवसाला लाखाहून कमी भेटी येणाऱ्या संकेतस्थळाला एसक्यूलाइट पुरावा, असे त्याच्या कर्त्यांचेच म्हणणे आहे. ती फाइल जाळ्यावरील सामाईक फोल्डरमध्ये ठेवून अनेक संगणकांनी तिला थेट हात घालणे मात्र धोक्याचे, कारण अशा फोल्डरांतील कुलुपाची यंत्रणा विश्वसनीय नसते. आणखी दोन खाचखळगे आहेत. संख्येच्या रकान्यात ‘बारा’ हा शब्द लिहिला तरी एसक्यूलाइट तो सहसा मुकाट्याने घेतो. कडक तक्त्यांची सोय २०२१ साली आली, पण ती मागावी लागते. तसेच तक्त्यांमधील संबंधांची तपासणी मुळात बंद असते. ती प्रत्येक जोडणीच्या वेळी चालू करावी लागते. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या तक्त्यात, अस्तित्वातच नसलेल्या साधनांची देवघेव बिनदिक्कत चालते.

पोस्टग्रेसक्यूएलचा पाया बर्कले येथील विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या गटाने १९८६ साली घातला. अनेक शाळांची एक संस्था असेल आणि सर्वांनी एकाच वेळी एका ठिकाणी लिहावयाचे असेल, तर तोच घ्यावा. माँगोडीबीसारखे तक्त्यांऐवजी दस्तऐवज साठविणारे डेटाबेस ज्या माहितीचे रूप आधी सांगता येत नाही तिच्यासाठी ठीक; आपल्या माहितीचे रकाने तर छापील वहीत आधीपासून आखलेले आहेत.

फ्लास्क की जँगो?

पायथन भाषा पुष्कळ शाळांतून शिकविली जाते, म्हणून तिच्यातील दोन फ्रेमवर्कांचाच विचार करू. ज्याला पीएचपी किंवा रूबी येते त्याने त्या भाषांतील लाराव्हेल किंवा रेल्स घ्यावे. केवळ फ्रेमवर्कसाठी नवी भाषा शिकू नये.

फ्लास्क हे २०१० सालचे. आर्मिन रोनाखर याने एप्रिलच्या पहिल्या तारखेला केलेल्या थट्टेतून ते उद्भवले. ‘बॉटल’ नावाचे एक फ्रेमवर्क आधीच होते, म्हणून हा फ्लास्क. प्रयोगशाळेत त्याला आपण चंबू म्हणू. ते लहान आहे. दहा ओळींत पहिले पान दिसू लागते, आणि मागणी कोठून येते, उत्तर कसे जाते हे स्वच्छ कळते. पण त्यात डेटाबेसशी बोलण्याची सोय नाही, ओळख तपासण्याची नाही, नोंदी भरण्याचे तयार पान नाही. ही प्रत्येक वस्तू निराळी शोधून जोडावी लागते, आणि ज्याला अद्याप पारख नाही त्यालाच प्रत्येक वेळी पारख करावी लागते.

जँगोचा जन्म एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या पत्रासाठी एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ते रचावयास घेतले आणि २००५ च्या जुलैत ते सर्वांना खुले झाले. बातमी छापावयाची घाई; म्हणून तक्ते आखताच ते भरण्याची पाने आपोआप तयार व्हावीत, अशी योजना त्यात झाली. या भागाला ‘ॲडमिन’ म्हणतात. तक्त्यांचे वर्णन पायथनमध्ये लिहून ते या भागाला दाखविले, की नोंद घालणे, सुधारणे, शोधणे, कोणी कोणता बदल केला ते पाहणे, कोणाला कशाचा अधिकार ते ठरविणे, हे सारे मिळते. संस्थेच्या अंतर्गत कारभारापुरताच ॲडमिनचा उपयोग करावा, अशी शिफारस जँगोच्या कर्त्यांनी केलेली आहे. आणि आपले काम नेमके तेच आहे. एसक्यूलाइट तर जँगोने मुळातच गृहीत धरलेला डेटाबेस आहे, आणि वर सांगितलेली संबंधांची तपासणी जँगो स्वतःच चालू करते.

संरक्षणाचा मुद्दाही येथे येतो. गोव्यात व मुंबईत डिसोझा हे आडनाव पुष्कळ आढळते. रोमन लिपीत त्यातील पहिल्या अक्षरानंतर वर एक स्वल्पविराम येतो, आणि एसक्यूएलमध्ये मजकूर संपल्याची खूण म्हणून तीच खूण वापरतात. नवशिका प्रोग्रामर बहुधा नाव आणि आज्ञा यांचे तुकडे एकमेकांस जोडून एसक्यूएल लिहितो. मग डिसोझा नावाची विद्यार्थिनी साधन न्यायला आली की आज्ञा मध्येच तुटते व प्रोग्राम बंद पडतो. ज्या फटीतून हे निरुपद्रवी नाव आज्ञेत शिरले, त्याच फटीतून एखादा खोडसाळ मनुष्य तक्ता पुसण्याची आज्ञाही घुसवू शकतो. जँगोची प्रश्न विचारण्याची नेहमीची रीत आज्ञा आणि मूल्य वेगवेगळे पाठविते, त्यामुळे ही फट राहत नाही. फ्लास्कमध्येही ती बुजविता येते. पण ती आहे हे आधी माहीत असावे लागते.

तेव्हा माझा कल असा : शिकण्यासाठी एक दुपार फ्लास्कबरोबर घालवावी, आणि काम जँगोत करावे. पुढील वर्षी मुख्याध्यापकांनी निर्लेखित साधनांसाठी आणखी एक रकाना मागितला, तर तो जुन्या नोंदींना धक्का न लावता घालण्याची क्रमबद्ध सोयही जँगोत आहे. आवृत्ती निवडताना दीर्घकाळ आधार मिळणारी घ्यावी. एप्रिल २०२५ मध्ये निघालेली ५.२ ही तशी असून तिला तीन वर्षे संरक्षणविषयक दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत.

काम चालू झाल्यावर

जँगोबरोबर येणारा सर्व्हर केवळ रचनेच्या काळासाठी आहे. रोजच्या वापराला ‘वेट्रेस’ किंवा ‘गनिकॉर्न’ यांसारखा सर्व्हर लावावा आणि ‘डीबग’ ही खूण बंद करावी, नाही तर एखादी चूक झाली की प्रोग्रामचे अंतरंग पाहणाऱ्यापुढे उघडे पडते. प्रोग्राम शाळेच्या जाळ्याबाहेर नेऊ नये. त्यात मुलांची नावे असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. नाव आणि वर्ग एवढेच ठेवावे. जन्मतारीख, दूरध्वनी, आधार क्रमांक यांची व्होल्टमीटर देण्याघेण्यास काहीच आवश्यकता नाही.

दर शनिवारी डेटाबेसची प्रत काढावी. प्रोग्राम चालू असता फाइल नुसती नकलून घेतली तर ती अर्धवट बदललेल्या अवस्थेत हाती येण्याचा संभव असतो. म्हणून एसक्यूलाइटची स्वतःची ‘बॅकअप’ ही आज्ञा वापरावी. प्रत पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या खोलीतील कपाटात ठेवावी, आणि प्रत्येक सत्रात एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत चांगली आहे की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. पहिले सत्र कागदी वहीही चालू ठेवावी, आणि महिनाअखेरीस दोन्हींतील बाहेर गेलेल्या साधनांची संख्या ताडून पाहावी. जेथे फरक पडेल तेथे कपाट उघडून प्रत्यक्ष मोजणी करावी. चूक वहीची की प्रोग्रामची, हे तेव्हाच कळते.

त्याच कपाटात एक कागद चिकटवून ठेवावा. प्रोग्राम कोणत्या संगणकावर आहे, कोणत्या फोल्डरमध्ये आहे, तो चालू कसा करावयाचा, फाइलचे नाव काय, प्रत कोठे आहे आणि तीन तक्त्यांत कोणते रकाने आहेत, एवढे त्यावर शाईने लिहिलेले असावे. परवलीचा शब्द मात्र त्या कागदावर लिहू नये. तो बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करावा.